मुसहफाचा अदब

इस्लामी धर्मशास्त्रात कुरआन आणि मुसहफ या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात, आणि कुरआन हाताळण्या-वाचण्याचे बहुतेक सर्व नियम या एका भेदावर उभे आहेत. मुसलमानांच्या श्रद्धेनुसार कुरआन म्हणजे पैगंबर मुहंमद यांच्यावर सुमारे २३ वर्षांच्या काळात अवतरलेली ईश्वरी वाणी, जी जिभेवर, स्मरणात आणि कागदावर अशी कुठेही असू शकते. मुसहफ म्हणजे ती वाणी ज्यात अरबीत लिहिली आहे तो बांधीव ग्रंथ. पैगंबरांच्या निधनानंतर, इ. स. ६३३ च्या सुमारास, यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले अनेकजण मारले गेले, तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी झैद इब्न साबित यांच्याकडून सर्व आयती, म्हणजे वचने, एकत्र लिहून घेतल्या, आणि ६५० च्या आसपास तिसरे खलिफा उस्मान यांनी त्या संहितेच्या प्रती करवून निरनिराळ्या प्रांतांत पाठवल्या. पठण आधी आणि पुस्तक नंतर असा हा क्रम असल्यामुळे नियमही दुहेरी झाले. नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुण्याचा जो विधी, म्हणजे वुजू, तो ज्याने केलेला नाही अशा माणसाने पाठ असलेला भाग तोंडाने म्हणायला हरकत नाही, पण तोच भाग छापलेला मुसहफ मात्र त्याने उचलू नये, ही वरवर विसंगत वाटणारी तरतूद त्यातूनच आलेली आहे.

या विषयावर स्वतंत्र ग्रंथरचना झाली आहे. अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवरचे तत्त्वचिंतक अल्-गझाली (मृत्यू ११११) यांनी आपल्या ‘इह्या’ या बृहद्ग्रंथात पठणाचे दहा बाह्य आणि दहा आंतरिक अदब, म्हणजे शिष्टाचार, सांगितले. आणि दमास्कसचे शाफई संप्रदायाचे पंडित इमाम नववी (१२३३–१२७७) यांनी ‘अत्-तिब्यान’ नावाचे छोटेखानी पुस्तक केवळ कुरआन शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या आचारावर लिहिले. दोन्ही ग्रंथ आजही मदरशांतून वाचले जातात. या वाङ्मयाकडे मनाईंची जंत्री म्हणून पाहिले तर निम्मी गोष्ट हातून निसटते, कारण ग्रंथाचा मान राखण्यासाठी घातलेले निर्बंध आणि वाचन कधी थांबू नये ही निकड यांत शास्त्रकारांची सतत ओढाताण चाललेली दिसते, आणि जिथे गाठ अगदीच घट्ट बसते तिथे कौल बहुधा शिकणाऱ्याच्या बाजूने पडतो.

स्पर्शाचा नियम हे त्याचे पहिले उदाहरण. कुरआनाच्या ५६ व्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात, शुद्ध असणाऱ्यांखेरीज कोणी त्याला स्पर्श करत नाही अशा आशयाची आयत आहे. हे शुद्ध म्हणजे कोण, यावर भाष्यकारांचे एकमत नाही: अनेकांच्या मते तिथे स्वर्गातील मूळ लेख आणि त्याला स्पर्श करणारे देवदूत अभिप्रेत आहेत, तर काहींच्या मते ती माणसांना दिलेली आज्ञा आहे. त्यामुळे नियमाचा भार पैगंबरांनी अम्र इब्न हझ्म यांच्याबरोबर यमनला पाठवलेल्या पत्रावर अधिक पडतो. पवित्र माणसाखेरीज कुरआनाला कोणी हात लावू नये, ही त्यातील सूचना इमाम मालिक यांनी आपल्या ‘मुवत्ता’ या संग्रहात नोंदवली आहे. हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली हे सुन्नी पंथाचे चारही संप्रदाय मुसहफाला हात लावण्यासाठी वुजू आवश्यक मानतात, आणि शिया पंथाच्या जाफरी संप्रदायात अक्षरांना वुजूशिवाय स्पर्श निषिद्ध आहे. वेगळा सूर काढला तो अंदलुसियाचे, म्हणजे मुस्लिम स्पेनचे, पंडित इब्न हझ्म (मृत्यू १०६४) यांनी. पैगंबरांनी बायझंटाइन सम्राट हेराक्लियस याला पाठवलेल्या पत्रात कुरआनाची एक आयत होती, आणि ते पत्र गैरमुस्लिमाच्या हातात पडणार हे उघड होते, मग स्पर्शाची मनाई कुठे राहिली, असा त्यांचा युक्तिवाद होता. बहुसंख्य शास्त्रकारांनी तो मानला नाही. पत्रातील एखादी आयत आणि अखंड मुसहफ यांत फरक आहे, असे त्यांचे उत्तर होते.

नियम ठरला तरी तपशिलात संप्रदाय वेगळे होतात, आणि हा फरक महाराष्ट्रात प्रत्यक्ष पाहायला मिळतो, कारण रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत, तर घाटावरचे आणि मराठवाड्या-विदर्भातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी. मुसहफ ज्या कापडी पिशवीत ठेवतात त्या जुजदानाला हनफी मताप्रमाणे वुजूशिवाय हात लावता येतो, कारण ते ग्रंथापासून सुटे आहे; बांधणीला चिकटलेल्या पुठ्ठ्याला मात्र नाही. शाफई मत अधिक कडक आहे: खास मुसहफासाठी केलेल्या पिशवीत तो असेल तर ती पिशवीही वुजूशिवाय उचलू नये, पण प्रवासाच्या सामानात इतर चीजवस्तूंबरोबर मुसहफ असेल आणि हेतू सामान नेण्याचा असेल तर चालते. काडीने पान उलटले तर काय, इतक्या बारकाव्यापर्यंत ही चर्चा जाते. नववींनी त्याला संमती दिली आहे. आधुनिक वाचकाला यात कीस काढणे दिसेल, आणि तसे ते आहेही, पण ज्या काळात गावात एखादाच मुसहफ असे आणि तो या हातातून त्या हातात फिरे, त्या काळात असे प्रश्न रोजच पडत असणार.

हा कडकपणा सैल होतो तो शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत. मशिदीला जोडलेल्या मकतबात नूरानी कायदा, म्हणजे अक्षरओळखीची पुस्तिका, संपवून मूल पहिल्या पाऱ्याला लागते तेव्हा त्याच्याकडून तासातासाला वुजूची अपेक्षा ठेवली तर शिक्षणच अडेल, म्हणून वयात न आलेल्या मुलांना संप्रदायांनी सवलत दिली. (पारा किंवा सिपारा म्हणजे कुरआनाच्या ३० समान भागांपैकी एक.) मालिकींनी ती सवलत शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या प्रौढांपर्यंत वाढवली.

स्त्रियांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. शरीरसंबंधानंतर स्नान होईपर्यंतच्या अवस्थेला जनाबत म्हणतात, आणि त्या अवस्थेत स्पर्शाप्रमाणे पठणही वर्ज्य असल्याबद्दल चारही संप्रदाय सहमत आहेत. पण जनाबत स्नानाने लगेच संपवता येते, मासिक पाळी तशी संपवता येत नाही. दर महिन्याला काही दिवस पठण बंद राहिले तर पाठ केलेले विसरेल, आणि ती स्त्री शिक्षिका असेल तर वर्ग बंद पडेल. मालिकींनी पाळीच्या काळात स्मरणातून पठणाला परवानगी दिली, आणि हंबली परंपरेतील इब्न तैमिया यांनीही विसरण्याच्या भीतीचा विचार करून तिकडेच कल दाखवला. हनफींनी मनाई कायम ठेवली, मात्र शिक्षिकेने एकेक शब्द तोडून, मध्ये श्वास घेत शिकवावे अशी वाट काढली, आणि ज्या आयती प्रार्थनेच्या स्वरूपाच्या आहेत त्या पठणाच्या नव्हे तर प्रार्थनेच्या हेतूने म्हणाव्यात अशी मुभा दिली. शाफई मत हेतूचा हा भेद मानते, आणि ओठ-जीभ न हलवता मनातल्या मनात आयती घोळवण्याला त्याची हरकत नाही. मुलींच्या मदरशांतील शिक्षिकांना या तरतुदी तोंडपाठ असतात, कारण त्यांचे वेळापत्रकच त्यांवर बेतलेले असते.

घरातील हाताळणीचे संकेत शास्त्रापेक्षा रूढीचे अधिक आहेत, तरी ते इतके अंगवळणी पडले आहेत की ते न पाळणे अशिष्ट समजले जाते. मुसहफ उंच जागी, भिंतीतल्या कोनाड्यात किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतात. त्याच्यावर दुसरे पुस्तक ठेवत नाहीत, त्याच्याकडे पाय पसरत नाहीत, आणि वाचताना तो जमिनीवर न ठेवता रेहलवर, म्हणजे कातरीसारख्या उघडणाऱ्या लाकडी घडवंचीवर, ठेवतात. बोट थुंकीने ओले करून पान उलटणे अदबाविरुद्ध मानतात. मुसहफाचे चुंबन घेण्याची रीत भारतीय उपखंडात सर्रास आहे, पण तिच्याबद्दल धर्मशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मुंबईतील मोहम्मद अली रोडवरच्या धार्मिक पुस्तकांच्या दुकानांत कुरआनाच्या किमतीला ‘किंमत’ न म्हणता ‘हदिया’, म्हणजे भेट, म्हणण्याचा शिरस्ता आहे. व्यवहार खरेदी-विक्रीचाच असला तरी ईश्वरी वाणीचा सौदा झाला असे भाषेतही दिसू नये, यासाठी ही काळजी. हाच संकोच पठणाच्या मोबदल्याच्या चर्चेत दिसतो: उत्तरकालीन हनफींनी कुरआन शिकवण्याचे वेतन घेण्यास संमती दिली, कारण त्याशिवाय शिक्षक मिळणार नाहीत, परंतु मृताच्या नावे पारायण करण्यासाठी ठरवून पैसे घेणे देवबंदी उलेमांनी, म्हणजे देवबंदच्या मदरशाच्या परंपरेतील धर्मपंडितांनी, अमान्य केले.

मुसहफ उघडल्यानंतर पठणाचे नियम सुरू होतात, आणि त्यांत सर्वांत मोठा भाग तजवीदचा, म्हणजे अरबी अक्षरांच्या शुद्ध उच्चारशास्त्राचा, आहे. आरंभी सैतानापासून ईश्वराचा आश्रय मागणारे वाक्य म्हणायचे, मग बिस्मिल्लाह, म्हणजे ईश्वराच्या नावाने आरंभ करणारे वाक्य. नववी सूरह ‘तौबा’ ही एकच अशी की जिच्या आरंभी बिस्मिल्लाह लिहिलेले नाही आणि म्हणतही नाहीत. त्यानंतर प्रत्येक अक्षर त्याच्या नेमक्या स्थानावरून यावे लागते. पडजिभेजवळून निघणारा ‘क़ाफ’ आणि त्याच्या पुढून निघणारा ‘काफ’ यांची गल्लत झाली तर ‘हृदय’ या अर्थाचा शब्द ‘कुत्रा’ होऊन बसतो. अशा उघड चुकीला लह्न-ए-जली म्हणतात आणि ती टाळणे बंधनकारक आहे, तर नाद, लांबी, अनुनासिकता यांतील सूक्ष्म उणिवेला लह्न-ए-खफी म्हणतात आणि तिच्याकडे अधिक सौम्यपणे पाहिले जाते. देवनागरीत कुरआन छापण्याला बहुतेक उलेमांचा विरोध असतो तो याच कारणाने: ‘से’, ‘सीन’ आणि ‘स्वाद’ या तीन अरबी अक्षरांना देवनागरीत एकच ‘स’ आहे, आणि ‘झाल’, ‘झे’, ‘झ्वाद’, ‘झोय’ ही चारही ‘झ’मध्ये बुडून जातात.

कुठे थांबावे, हेही उच्चाराइतकेच महत्त्वाचे असते. भारतात छापलेल्या कुरआनात ओळींच्या वर बारीक अक्षरे दिसतात. ती बाराव्या शतकातील पंडित सजावंदी यांच्या पद्धतीची विरामचिन्हे आहेत. ‘मीम’ असेल तर थांबायलाच हवे, ‘तो’ असेल तर थांबणे चांगले, ‘जीम’ असेल तर थांबावे किंवा न थांबावे, ‘ला’ असेल तर थांबू नये. १०७ व्या सूरहमधील एक आयत नमाज पढणाऱ्यांचा धिक्कार असो अशा आशयाची आहे, आणि तिच्या शेवटी वर्तुळावर ‘ला’ लिहिलेले असते, कारण आपल्या नमाजाबद्दल जे बेफिकीर आहेत असे नमाजी, हा खुलासा पुढच्या आयतीत येतो. अरबी न समजणारा वाचक तिथे श्वास घेण्यासाठी थांबला तर धर्माचा मूळ आदेशच उलटा ऐकू येईल. वाक्य कळत नसतानाही अर्थ बिघडू न देण्याची ही सोय दीड पानाच्या व्याकरणापेक्षा जास्त उपयोगी ठरली आहे, आणि मदिनेच्या छापखान्यातील प्रत हजहून घरी आली की तीतील निराळी चिन्हे पाहून जुन्या वळणाचा वाचक गोंधळतो.

वाचनाच्या गतीबद्दल कुरआनातच ७३ व्या सूरहमध्ये सावकाश, स्पष्ट पठणाचा आदेश आहे. अब्दुल्ला इब्न अम्र या तरुण अनुयायाला पैगंबरांनी महिन्यात एक पारायण करायला सांगितले, त्याने जास्त करायची तयारी दाखवली तेव्हा मुदत कमी करत सात दिवसांवर आणली, आणि तीन दिवसांहून कमी वेळात संपवणाऱ्याला अर्थ उमगत नाही असेही सांगितले, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद, आहे. आठवड्याच्या पारायणासाठी कुरआनाचे सात मंझिलांत केलेले विभाजन याच परंपरेतले. रमजानमधील तरावीहच्या, म्हणजे रात्रीच्या जादा, नमाजात हाफिज, म्हणजे संपूर्ण कुरआन पाठ असलेला इमाम, महिनाभरात पारायण पूर्ण करतो, आणि त्याच्या मागे आणखी एक हाफिज ‘सामे’, म्हणजे श्रोता, म्हणून उभा असतो. इमाम अडखळला की मागून शब्द पुरवायचा, याला लुकमा देणे म्हणतात. काही ठिकाणी मात्र तरावीहमध्ये एवढी घाई होते की आयतीच्या शेवटाखेरीज काही ऐकू येत नाही, आणि त्यावर उलेमा दरवर्षी नाराजी व्यक्त करतात. दुसरीकडे, अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुप्पट पुण्य मिळते ही हदीस नवशिक्यांना आवर्जून सांगितली जाते.

ऐकणाऱ्यावरही जबाबदारी असते, कारण कुरआन वाचला जात असताना शांत राहून ऐकण्याचा आदेश सातव्या सूरहमध्ये आहे. म्हणून मृत्यूनंतर घरोघरी होणाऱ्या कुरआनख्वानीत, म्हणजे सामूहिक पठणात, ३० सुटे सिपारे वाटून घेतले की प्रत्येकाने आपला पारा हलक्या आवाजात वाचावा अशी अपेक्षा असते. सगळेच मोठ्याने वाचू लागले तर कोणीच कोणाचे ऐकत नाही, आणि आदेश मोडतो. हनफी ग्रंथांनी या बाबतीत एक लक्षणीय निर्णय दिला आहे: लोक आपापल्या कामात गुंतलेले असतील अशा बाजारात जर कोणी मोठ्याने पठण करू लागला आणि लोकांचे लक्ष गेले नाही, तर दोष लोकांचा नव्हे, पठण करणाऱ्याचा. ध्वनिक्षेपकाच्या काळात हा निर्णय जितका उद्धृत व्हायला हवा तितका होत नाही.

कुरआनात काही आयती अशा आहेत की त्या वाचल्यावर कपाळ जमिनीला टेकवून नमन करायचे असते. याला सजदा-ए-तिलावत म्हणतात आणि समासात ‘सजदा’ असे छापलेले असते. हनफी आणि शाफई दोघेही अशी १४ स्थाने मोजतात, पण त्यांचे १४ सारखे नाहीत: हनफी ३८ व्या सूरहमधील स्थान धरतात आणि २२ व्या सूरहमधील दुसरे सोडतात, शाफई नेमके उलट करतात. भारतीय छपाईत २२ व्या सूरहच्या त्या दुसऱ्या ठिकाणी ‘शाफईंच्या मते सजदा’ अशी स्वतंत्र टीप असते, त्यामुळे दापोलीचा आणि औरंगाबादचा वाचक एकाच प्रतीवर वाचू शकतात. मालिकी ११ च स्थाने मानतात. हनफींच्या मते हा सजदा वाजिब, म्हणजे आवश्यक, आहे. इतरांच्या मते सुन्नत, म्हणजे इष्ट पण बंधनकारक नसलेला, आणि त्यासाठी दुसरे खलिफा उमर यांचा दाखला दिला जातो, ज्यांनी एका शुक्रवारी व्यासपीठावरून उतरून सजदा केला आणि पुढच्या शुक्रवारी तीच आयत वाचूनही केला नाही.

भाषांतराचा प्रश्न आदर आणि आकलन यांच्या ओढाताणीत सर्वांत तीव्र होतो. हनफी संप्रदायाचे प्रवर्तक इमाम अबू हनीफा यांनी आरंभी नमाजातही फारसीतून पठण करण्यास संमती दिली होती. त्यांच्या शिष्यांनी ती अरबी न जमणाऱ्यापुरती मर्यादित केली, आणि पुढे खुद्द इमामांनीच मत बदलल्याचे हनफी ग्रंथ सांगतात. भाषांतराला कुरआनाचा दर्जा नाही हा निष्कर्ष त्यातून पक्का झाला, आणि त्याचाच दुसरा परिणाम म्हणजे स्पर्शाची अट सैल झाली: ज्या भाष्यग्रंथात मूळ आयतींपेक्षा विवेचन जास्त आहे तो वुजूशिवाय हातात घेण्याची मुभा अनेक शास्त्रकार देतात. मराठीत कुरआनाची भाषांतरे उपलब्ध आहेत, आणि मूळ अरबी शिकून अभ्यास करणाऱ्या विनोबांनी ‘कुराण-सार’ हा वेचा संकलित केला. अशी पुस्तके सर्वांच्या हातात जाऊ शकतात ती या भेदामुळे.

जीर्ण झालेल्या मुसहफाचे काय करायचे, यावरही दोन परंपरा आहेत. हनफी मतानुसार तो स्वच्छ कापडात गुंडाळून, जिथे पाय पडणार नाहीत अशा जागी, माती थेट अंगावर पडू नये असा कोनाडा करून पुरावा, जसा मुसलमानाचा देह पुरतात. इतरांनी जाळण्याला संमती दिली, कारण उस्मान यांनी अधिकृत प्रती पाठवल्यावर उरलेली लिखिते जाळण्याचा हुकूम दिला होता. काही ठिकाणी जुनी पाने मशिदीतच साठवून ठेवत. यमनमधील सना शहराच्या मोठ्या मशिदीत १९७२ मध्ये छपराच्या दुरुस्तीत अशीच हजारो जुनी कुरआनपत्रे सापडली, आणि आरंभीच्या शतकांतील लेखनाच्या अभ्यासाला त्यामुळे मोठा आधार मिळाला.

मोबाइलने जुन्या निर्णयांची पुन्हा परीक्षा घेतली आहे. पडद्यावर आयती उमटतात तेव्हा तो मुसहफ झाला का, यावर अनेक समकालीन मुफ्ती, म्हणजे धर्मशास्त्रीय मत देणारे विद्वान, नाही असे म्हणतात, कारण अक्षरे तिथे कायम नाहीत. काहीजण अक्षरे दिसत असताना पडद्याच्या त्या भागाला वुजूशिवाय बोट लावू नये अशी सावधगिरी सुचवतात. ॲप बंद असेल तर फोन शौचालयात नेण्यास हरकत घेतली जात नाही. ध्वनिमुद्रणाबाबत तर शेकडो वर्षांपूर्वीचा एक दाखला कामी आला: पोपटाच्या तोंडून किंवा प्रतिध्वनीतून सजद्याची आयत ऐकू आली तर सजदा आवश्यक होत नाही, असे हनफी ग्रंथांत आधीच लिहिलेले होते, कारण तिथे पठण करणारा समजदार माणूस नसतो. १९६१ मध्ये इजिप्तचे कारी, म्हणजे पठणतज्ज्ञ, महमूद खलील अल्-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले आणि घराघरात यंत्रातून पठण ऐकू येऊ लागले, तेव्हा अनेक हनफी मुफ्तींनी तोच न्याय लावून मुद्रित आवाजावर सजदा आवश्यक नाही असे मत दिले, थेट प्रक्षेपणाला मात्र प्रत्यक्ष पठणासारखे मानले. त्यामुळे रमजानमध्ये मक्केची तरावीह दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या हनफी श्रोत्याला सजद्याची आयत आली की कार्यक्रम थेट चालू आहे की आदल्या रात्रीचा, हे आधी पाहावे लागते.